रद्द केलेल्या नॉन-रिफंडेबल विमान तिकिटाचे उरलेले पैसे कसे वापरावेत?

मंजिरी_घोडबंदर

नमस्कार मंडळी. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्यांनी हे प्रकरण निस्तरलं आहे त्यांचा सल्ला हवा आहे, थोडा तातडीने.

माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. वहिनीचं बाळंतपण जवळ आलंय म्हणून आईबाबांची मुंबई–न्यूअर्क जाता-येता तिकिटं काढली होती. अमेरिकन विमान कंपनी, युरोपात एक थांबा, दोघंही एकाच पीएनआरवर. तिकिटं नौपाड्यातल्या एका एजंटकडून घेतली. मध्येच बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आता तब्येत चांगली आहे, पण डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास सध्या नको म्हणून बजावलंय. आईचा जीव तिकडे लागलाय, ती एकटी जायला तयार आहे.

एजंट म्हणतो, तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, एक रुपया परत यायचा नाही. बाबांचं तिकीट तसंच सोडून द्या, आई एकट्या जातील विमानतळावर, त्यात काय एवढं. दोघांचे मिळून दोन लाखांच्या वर गेलेत, त्यामुळे असं सोडून द्यायला मन धजत नाही.

खरंच काहीच मिळत नाही का? बाबांच्या तिकिटावर मावशीला पाठवता येईल का? तिच्याकडे व्हिसा आहे. आणि बाबा पुढे बरे झाल्यावर गेले तर हे पैसे तेव्हा वापरता येतील का?

नेरुळचा_बापू

मंजिरीताई, बाकी सगळं नंतर. "तसंच सोडून द्या" हे अजिबात ऐकू नका. विमान सुटायच्या आत तिकीट रद्द केलं नाही तर ते नो-शो होतं, आणि बहुतेक भाड्यांमध्ये नो-शो झालं की तिकिटाची उरलेली किंमत शून्य होते किंवा त्यावर वेगळा मोठा दंड बसतो. वर पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे, परतीचेसुद्धा, आपोआप रद्द होतात.

एजंटला आजच ईमेल करा, फोनवर बोलून थांबू नका. त्यात बाबांचा १३ आकडी तिकीट नंबर घाला. पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण. पैसे अडकलेले असतात ते तिकीट नंबरात. त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, तुमच्या ई-तिकिटावर नावाखाली दिसतील. लिहा की आरक्षण प्रस्थानाआधी रद्द करावं, तिकीट ओपन ठेवावं (म्हणजे त्याची किंमत पुढे वापरता येईल), आणि तसं झाल्याचं लेखी कळवावं.

तिकीट_खिडकी

बापूंनी योग्य तेच सांगितलंय. माझं सगळं आयुष्य तिकिटिंगमध्ये गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नॉन-रिफंडेबल म्हणजे पैसे रोख परत मिळणार नाहीत. तिकीट बदलता येणार नाही असा त्याचा अर्थ नाही. या दोन गोष्टींचे नियम वेगवेगळे लिहिलेले असतात. प्रत्येक भाड्यामागे नियमांचा लांबलचक मजकूर असतो आणि तो एजंटच्या स्क्रीनवर दिसतो. त्यातले तीन भाग मागा: कॅटेगरी १६ म्हणजे पेनल्टी, कॅटेगरी ३१ म्हणजे प्रवाशाने स्वतःहून केलेले बदल, आणि कॅटेगरी ३३ म्हणजे प्रवाशाने स्वतःहून मागितलेला परतावा. कॉपी करून ईमेलवर पाठवा म्हणावं, दोन मिनिटांचं काम आहे. हे आकडे तुमच्या तोंडून ऐकले की एजंटही नीट बोलायला लागतो.

एकही टप्पा न वापरलेलं तिकीट प्रस्थानाआधी रद्द केलं, तर सामान्यतः त्याची किंमत नव्या तिकिटात वळवता येते. त्याला आम्ही रीइश्यू म्हणतो. नव्या भाड्यातला फरक आणि दंड असेल तर तो भरायचा. मात्र सगळ्यात स्वस्त बेसिक इकॉनॉमी प्रकारात बऱ्याचदा हेही नसतं, म्हणून आधी भाड्याचा प्रकार बघा.

दोघं एका पीएनआरवर आहेत, तर पीएनआर स्प्लिट करून घ्या. बाबांचं वेगळं काढून रद्द, आईंचं जसंच्या तसं चालू. स्प्लिट न करता रद्द करायला गेलं की दोघांचंही आरक्षण उडायची भीती असते, ते एजंटला ठासून सांगा.

मावशींचं मात्र जमणार नाही. तिकिटाची उरलेली किंमत त्या नावालाच बांधलेली असते. बाबांचे पैसे बाबांच्याच पुढच्या प्रवासाला.

खारघर_समीर

मावशीबद्दल: मी तर माझी क्रेडिट शेल, म्हणजे रद्द तिकिटाचे कंपनीकडे जमा राहिलेले पैसे, मेहुण्याला दिली होती, काही अडचण आली नाही. एकदा विचारून बघा.

तिकीट_खिडकी

समीर, ती लॉकडाउनच्या काळातली असणार. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, त्यात लॉकडाउनमुळे अडकलेल्या तिकिटांची क्रेडिट शेल ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल आणि दुसऱ्याला देता येईल असं होतं. त्या रकमेवर महिन्याला आधी अर्धा आणि नंतर पाऊण टक्का वाढही द्यायला लावली होती. पण तो निकाल त्या तिकिटांपुरताच. एरवी क्रेडिट ज्याच्या नावाचं त्याचंच.

काही कंपन्या वेगळं व्हाउचर देतात, ते दुसऱ्यासाठी चालतं. उदाहरणार्थ अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट क्रेडिट त्याच प्रवाशाला वापरावं लागतं, पण ट्रिप क्रेडिट असेल तर त्यातून दुसऱ्याचंही तिकीट काढता येतं. म्हणून हातात नेमकं काय पडतंय त्याचं नाव नीट वाचायचं.

मंजिरी_घोडबंदर

बापू, तिकीट_खिडकी ताई, खूप आभार. ईमेल पाठवला आहे. भावाने तिकडून सांगितलं की अमेरिकन कंपन्यांनी तिकीट बदलायचा दंड केव्हाच काढून टाकलाय, तेव्हा काळजीचं कारण नाही. हे आपल्याला लागू होतं का?

वाशी_टू_वॉशिंग्टन

तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या कंपन्यांनी २०२० मध्ये बहुतेक भाड्यांवरचा बदल-दंड काढला. पण ती सवलत मुख्यतः अमेरिकेतून निघणाऱ्या प्रवासाला आहे. मुंबईहून सुरू होणाऱ्या तिकिटाला दंड असू शकतो. तिकडचे लोक त्यांच्या अनुभवावरून सांगतात आणि इकडे काउंटरवर वेगळंच निघतं. तुमच्या कॅटेगरी १६ मध्ये जे लिहिलंय तेच खरं.

आता एक महत्त्वाचं. प्रवासाला अजून वेळ असेल तर रद्द करायची घाई करू नका. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२४ मध्ये नियम आणला, तो अमेरिकेत जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या आणि देशांतर्गत अशा सगळ्या उड्डाणांना लागू आहे. कंपनीने स्वतः विमान रद्द केलं, किंवा आंतरराष्ट्रीय प्रवासाची वेळ सहा तास किंवा त्याहून जास्त सरकवली, विमानतळ बदलला, थांबे वाढवले, खालच्या वर्गात टाकलं, आणि तुम्ही तो बदल स्वीकारला नाही, तर तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी पूर्ण पैसे परत. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर कामकाजाच्या सात दिवसांत.

वेळापत्रकं मधल्या काळात बदलत असतात. तुम्ही आधीच रद्द करून बसलात आणि पंधरा दिवसांनी कंपनीने वेळ बदलली, तर हा हक्क गेला. म्हणून थांबा, दर दोन-चार दिवसांनी पीएनआर उघडून वेळा बघा, आणि काहीच बदललं नाही तर निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी रद्द करा. फक्त ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

नेरुळचा_बापू

हे पटलं. मी "आजच रद्द करा" असं लिहिलं होतं, पण वेळ हातात असेल तर समोरच्यांचं ऐका. स्प्लिट मात्र आत्ताच करून घ्या, म्हणजे आयत्या वेळी आईंच्या तिकिटाला धक्का नको.

उलवे_अश्विनी

याच धाग्यात विचारते. आमचं देशांतर्गत तिकीट होतं, मुंबई–नागपूर, ऑफरमधलं. रद्द केलं तर साइटवर परतावा शून्य दाखवतंय. हेही नाव-बांधलं क्रेडिट वगैरे असतं का?

तिकीट_खिडकी

अश्विनी, देशातल्या कंपन्यांसाठी गणित वेगळं आहे आणि बरंच तुमच्या बाजूचं आहे. डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परताव्याचा नियम १ ऑगस्ट २०१६ पासून कडक झाला. त्यात रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं, म्हणजे तिकिटावर यूडीएफ वगैरे लिहिलेलं असतं ते, परत द्यावीच लागतात. ऑफरचं तिकीट असलं तरी, आणि नो-शो झालं असलं तरी. परताव्याची प्रक्रिया करायचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत.

समजा तिकीट ४,८०० चं, त्यात मूळ भाडं आणि इंधन मिळून ३,७००. तर साइटवर काहीही दाखवो, वरच्या ११०० पैकी विमानतळाची शुल्कं मागायचा तुम्हाला हक्क आहे. पोर्टलची सुविधा फी तेवढी गेली समजा. इनव्हॉइस उघडून ओळ न् ओळ बघा.

आणि कंपनीने "क्रेडिट शेलमध्ये टाकलंय" म्हटलं तर तेही तुमच्यावर लादता येत नाही. क्रेडिट हवं की पैसे हवेत हे प्रवासी ठरवतो, असं नियमातच आहे. माझं मत विचाराल तर शुल्कांचे पैसे रोखच घ्यावेत. छोटी क्रेडिटं मुदत संपून वाया जातात.

उलवे_अश्विनी

पोर्टल म्हणतंय विमान कंपनीला विचारा, कंपनी म्हणते पोर्टलला विचारा. कुणीच दाद देत नाही.

वाशी_टू_वॉशिंग्टन

एजंट किंवा पोर्टल हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे परताव्याची जबाबदारी कंपनीवर, हेही त्याच नियमात आहे. ते वाक्य ईमेलमध्ये घालून दोघांनाही एकत्र पाठवा. उत्तर आलं नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. बहुतेक प्रकरणं एअरसेवाला नंबर पडला की हलतात.

मंजिरीताई, तुमच्या तिकिटाला डीजीसीएचा हा भाग तसाच लागू होत नाही, परदेशी कंपन्यांचा परतावा त्यांच्या देशाच्या नियमांप्रमाणे चालतो. पण न वापरलेले विमानतळ कर तुम्हीही मागा. अनेक भाड्यांत ते मिळतात. फक्त आधी विचारा की कर परत घेतल्यावर बाकीची किंमत पुढे वापरता येते की तिकीट तिथेच बंद होतं. बंद होत असेल तर कराच्या थोड्या पैशांसाठी मोठी रक्कम घालवू नका.

मंजिरी_घोडबंदर

एजंटकडून कॅटेगरी १६ आणि ३१ चा मजकूर आला! प्रस्थानाआधी रद्द केल्यास दंड भरून रीइश्यू करता येईल असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे "एक रुपया येणार नाही" हे खरं नव्हतं. पीएनआर स्प्लिटही करून दिला. बाबांसाठी विमानाच्या वेळांवर लक्ष ठेवून आहे.

आता पुढचा प्रश्न. बाबा नंतर गेले आणि तेव्हाचं तिकीट स्वस्त असलं, तर वरचे पैसे? आणि मुदत कधीपर्यंत?

तिकीट_खिडकी

मुदत साधारण एक वर्ष, पण ती मोजतात तिकीट काढल्याच्या तारखेपासून. प्रवासाच्या किंवा रद्द केल्याच्या तारखेपासून नाही. इथेच बहुतेकांचे पैसे जातात. तुम्ही प्रवासाच्या चार-पाच महिने आधी तिकीट काढलं असेल, तर रद्द करताना तेवढे महिने आधीच गेलेले असतात. आणखी एक विचारून घ्या: त्या तारखेआधी नुसतं नवं तिकीट काढलं तर चालतं, की प्रवासही सुरू व्हायला हवा? दोन्ही प्रकार असतात. रीइश्यू केलेलं तिकीट पुन्हा रद्द केलं तर बऱ्याचदा जुनीच मुदत धरतात.

स्वस्त तिकिटाबद्दल: काही कंपन्या उरलेली रक्कम नव्या क्रेडिटमध्ये किंवा ईएमडी नावाच्या कागदावर देतात, काही बुडवतात. कॅटेगरी ३१ मध्ये ते असतं. बुडवत असतील तर नवं भाडं जुन्याइतकं किंवा थोडं वर असेल असा प्रवास निवडा, फरक भरलेला परवडतो. मोठं क्रेडिट छोट्या तिकिटावर खर्च करू नका.

डॉक्टरांचं "प्रवासास योग्य नाही" असं पत्र आणि डिस्चार्ज कार्ड जोडून दंड माफ करायची विनंतीही पाठवा. आजारपणात काही कंपन्या दंड सोडतात, हक्क नाही पण मागायला काय हरकत आहे?

खारघर_समीर

बाबांचा परदेश प्रवास विमाही काढला असेल ना? पॉलिसी सुरू व्हायच्या तारखेआधी कळवलं तर थोडे पैसे कापून हप्ता परत मिळतो. काही वेळा पासपोर्टच्या पानांची प्रत मागतात, प्रवास झाला नाही हे दाखवायला. शिवाय त्याच पॉलिसीत ट्रिप कॅन्सलेशनचं कलम असेल तर ते आधी वाचा. दावा बसत असेल तर पॉलिसी रद्द करू नका. आधीचं हृदयाचं दुखणं पॉलिसी घेताना जाहीर केलं होतं का, यावर बरंच अवलंबून असतं.

मंजिरी_घोडबंदर

बाबांना आधी हृदयाचा काहीच त्रास नव्हता, त्यामुळे दावा करून बघते. पॉलिसी आज रात्री शोधून वाचते. रद्द केल्यावर भरलेल्या सीटचे पैसे?

तिकीट_खिडकी

सीटचे पैसे वेगळ्या पावतीवर असतात, ते तिकिटाच्या किमतीत धरलेले नसतात. त्यांचा परतावा वेगळा मागावा लागतो.

आणि स्प्लिट झाल्यावर आईंचा नवा पीएनआर एकदा उघडून बघा. व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवणाच्या नोंदी काही वेळा जुन्याच पीएनआरवर राहतात. आई आता एकट्या जाणार, युरोपातल्या थांब्याला व्हीलचेअर हवीच.

मंजिरी_घोडबंदर

बरं झालं सांगितलंत. जेवण दिसतंय, व्हीलचेअर गायब होती. कंपनीला फोन करून तिन्ही विमानतळांसाठी नोंदवून घेतली आणि नवं ई-तिकीट मागवलं.