मदत हवी आहे: टेदरिंग चालणारा स्वस्त प्रीपेड प्लॅन कसा निवडावा?

चाफेकळी
लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर चालवायचा आहे (टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं). आठवड्यातले पाच दिवस, रोज साधारण एक तास व्हिडिओ कॉल आणि दोन तास मेल, कागदपत्रं, ब्राउझिंग. सिनेमे वगैरे नाहीत. स्वस्त प्रीपेड प्लॅन ढीगभर आहेत, 'अनलिमिटेड' तर बहुतेक सगळेच. पण हॉटस्पॉटबद्दल मोठ्या अक्षरात कुणीच काही लिहीत नाही. किती जीबी लागतील, नेमकं काय तपासायचं आणि फसगत कुठे होते?

तारयंत्र
आधी किती लागेल ते काढू, प्लॅन नंतर.

१ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) वेगाने सलग तासभर डेटा वाहिला की ४५० एमबी होतात. एवढं एक गणित लक्षात ठेवा. व्हिडिओ कॉल येणारा-जाणारा मिळून २ एमबीपीएस धरला तर तासाला ९०० एमबी. महिन्याचे २२ दिवस म्हणजे २० जीबीच्या आसपास. मेल-ब्राउझिंगला तासाला १०० ते १५० एमबी धरा, त्याचे पाच-सहा जीबी. वर अपडेट आणि किरकोळ गळती. म्हणजे ३० जीबी हॉटस्पॉटचा डेटा हवा. यातला 'हॉटस्पॉटचा' हा शब्द महत्त्वाचा आहे.

'अनलिमिटेड' हे बहुधा फोनच्या पडद्यावर वापरलेल्या डेटाबद्दल असतं. हॉटस्पॉटचा वाटा त्यातून वेगळा कापलेला असतो: कधी ५ जीबी, कधी १०, कधी शून्य. अटींच्या पानावर 'हॉटस्पॉट' आणि 'टेदरिंग' हे दोन्ही शब्द शोधा, आणि वाटा संपल्यावर काय होतं ते वाचा. तीन शक्यता असतात. हॉटस्पॉट बंद पडतो, वेग उतरतो, किंवा जादा डेटाचे पैसे लागतात.

वेग उतरतो म्हणजे किती, हा आकडा बघितल्याशिवाय पैसे भरू नका. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी. ५ एमबीची एक अटॅचमेंट उतरायला दहा मिनिटांहून जास्त. मेलचं पान उघडतानाच अर्धा वेळ टाइम-आउट होतं. याला इंटरनेट म्हणणं धाडसाचं आहे. ५१२ केबीपीएसवर मेल आणि आवाजाचा कॉल निभतो, व्हिडिओ नाही. ३० जीबी परवडत नसेल तर १५ जीबी आणि पुढे ५१२ असा प्लॅन चालवून घेता येईल. १५ जीबी आणि पुढे ६४ असेल तर महिन्याच्या मध्यावर काम थांबलंच समजा.

मोजपट्टी
वरच्या हिशेबाला जोड. रोजच्या कोट्याचे प्लॅन या वापराला महाग पडतात. रोज १.५ जीबी, मुदत २८ दिवस: कागदावर ४२ जीबी. पण शनिवार-रविवारचा कोटा मध्यरात्री वाया जातो, त्यामुळे कामाच्या २० दिवसांचे ३० जीबीच हाती येतात. शिवाय कॉल लांबला किंवा एखादा अपडेट उतरला की त्या दिवशीचा कोटा दुपारीच संपतो आणि उद्याचा आज वापरता येत नाही. एकगठ्ठा डेटा मिळत असेल तर तोच घ्या, थोडा कमी दिसला तरी.

तुलना करताना किंमत भागिले हॉटस्पॉटचे जीबी, एवढंच बघा. फोनचे जीबी बाजूला ठेवा. मुदतही तपासा. २८ दिवसांचा 'महिना' वर्षातून १३ वेळा भरावा लागतो.

तीन महिन्यांचं किंवा वर्षाचं पॅक दरमहा स्वस्त दिसतं, पण पहिल्याच फटक्यात घेऊ नका. सर्वांत लहान मुदतीचं घेऊन आपल्या जागेवर चालवून बघा, मग वर्षभराचं.

खुंटी
एक राहिलं: प्राधान्य. स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याचं जाळं भाड्याने घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्या स्वस्त असतात. त्यांच्या ग्राहकांना गर्दीच्या वेळी बहुधा मागच्या रांगेत उभं केलं जातं. रेंज पूर्ण, कोटा शिल्लक, तरी संध्याकाळी कॉल तुटक. तुमचे कॉल सकाळी असतील तर हे चालून जाईल आणि पैसे वाचतील. संध्याकाळी असतील तर त्याच वेळी तपासून घ्या, दुपारच्या वेगावर जाऊ नका.

पाटीपेन्सिल
एवढा खटाटोप कशाला? लॅपटॉपचा टीटीएल (डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरचा, वाटेतल्या दर यंत्रागणिक एकाने घटणारा आकडा) ६५ करा, कंपनीला हॉटस्पॉट कळतच नाही.

तारयंत्र
पाटीपेन्सिल, युक्ती जुनी आहे. विंडोजचं पॅकेट टीटीएल १२८ घेऊन निघतं, मॅक आणि लिनक्सचं ६४. फोनमधून पुढे जाताना त्यातला एक कमी होतो, म्हणून पलीकडे १२७ किंवा ६३ दिसलं की मागे दुसरं यंत्र आहे हे कळतं. ६५ केलं की ६४ दिसतं, इथवर बरोबर. पण ओळखायची ती एकच खूण नाही. विंडोज अपडेटच्या सर्व्हरकडे जाणारा 'फोन' बघून कुणालाही शंका येईल. अटींचा भंग म्हणून नंबर बंद झाला तर भरलेले पैसे तर गेलेच, नंबरही जाऊ शकतो. ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात त्याच्याशी असला खेळ नको.

चाफेकळी
सगळ्यांना धन्यवाद, '३० जीबी हॉटस्पॉट' हा आकडा पक्का केला. आता उपप्रश्न. उद्या प्लॅन घेतला आणि लॅपटॉपवर वेग कमी आला, तर दोष प्लॅनचा, टॉवरचा की माझ्या फोनचा, हे कसं ओळखायचं?

मोजपट्टी
पाच मिनिटांचं काम आहे. एकाच जागी बसून वेगाच्या लागोपाठ तीन मोजण्या (स्पीड टेस्ट) घ्या.

पहिली, फोनचं वायफाय बंद करून फोनवरच. दुसरी, यूएसबी केबलने टेदर करून लॅपटॉपवर. तिसरी, वायफाय हॉटस्पॉटवरून लॅपटॉपवर. फोनवर ४० एमबीपीएस आणि लॅपटॉपवर दोन्ही प्रकारे ०.५ आले, तर प्लॅननेच हॉटस्पॉटचा गळा आवळलाय. तिन्ही सारखेच कमी असतील तर गर्दी, अशक्त सिग्नल किंवा संपलेला कोटा. केबलवर ३८ आणि वायफायवर ६ आले तर प्लॅन निर्दोष आहे, तुमचा हॉटस्पॉट वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या गर्दीत अडकलाय. सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ करा. आयफोन १२ किंवा पुढचा असेल तर 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' बंद करा; ते चालू असलं की फोन २.४वर उतरतो.

अजून एक: साध्या स्पीड टेस्टवर ३० आणि फास्ट डॉट कॉमवर २ आले तर व्हिडिओचा वेग वेगळा रोखलेला आहे, कारण ती चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून चालते.

मोजणी फुकट नसते हेही ध्यानात असू द्या. वेगवान जोडणीवर एकेका चाचणीत शे-दोनशे एमबी सहज उडतात.

केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर यूएसबी टेदरिंगचा पर्याय फिकाच राहतो आणि माणूस उगाच कंपनीला शिव्या घालतो. शक्य असेल तर रोजचं काम केबलवरच करा, फोन चार्ज होत राहतो. मॅकला बऱ्याच अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग ओळखता येत नाही, तिथे वायफायच.

खुंटी
आणि लॅपटॉपला सांगा की हे घरचं वायफाय नाही. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, मॅकमध्ये 'लो डेटा मोड'. नाहीतर अपडेट, फोटोंचं सिंक, क्लाउडचा बॅकअप हे सगळे मिळून पहिल्या दोन दिवसांत कोटा फस्त करतात. विंडोजचं 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'ही बंद करा. ते उतरवलेले अपडेट इतर संगणकांना पुरवू शकतं, तेही तुमच्या डेटातून.

कॉलमध्ये फक्त स्वतःचा कॅमेरा बंद केल्याने वाचतं ते जाणाऱ्या बाजूचं. बाकीच्यांचे चेहरे येतच राहतात. 'इनकमिंग व्हिडिओ बंद' असा पर्याय असेल तर तो दाबा, खरी बचत तिथे आहे.

चाफेकळी
फोनमध्ये दोन सिम आहेत. नवा प्लॅन दुसऱ्यावर घेतला तर चालेल ना?

तारयंत्र
चालेल. हॉटस्पॉट ज्या सिमवर मोबाइल डेटा लावलाय त्याचाच डेटा वापरतो, म्हणून डेटासाठी दुसरं सिम निवडा आणि 'ऑटो डेटा स्विचिंग' बंद करा. नाहीतर रेंज जरा कमी झाली की फोन गुपचूप पहिल्या सिमवर उडी मारतो आणि तिकडचा डेटा संपतो.

सिम घालूनही हॉटस्पॉट सुरू होत नसेल तर एपीएन (फोन कंपनीच्या डेटा-जाळ्याला कसा जोडला जातो ती सेटिंग) बघा. अँड्रॉइडमध्ये 'एपीएन टाइप'च्या रकान्यात कधी नुसतं 'डिफॉल्ट' असतं. काही कंपन्यांना तिथे स्वल्पविराम देऊन 'डीयूएन' (dun) ही तीन इंग्रजी अक्षरं लागतात, लहान लिपीत आणि मध्ये जागा न सोडता. कंपनीने दिलेल्या एपीएन सेटिंगमध्ये ती असतील तरच घाला. आयफोनवर 'पर्सनल हॉटस्पॉट' हा पर्यायच गायब असेल तर त्या प्लॅनमध्ये टेदरिंग चालू केलंय का, ते आधी ग्राहकसेवेला विचारा, मग फोन रीसेट करायच्या मागे लागा.