इग्वाना बडोद्याला पाठवताय? आधी नोंदणी बघा

दादा, पुण्याहून बडोद्याला भाच्याकडे इग्वाना (मोठा पाळीव सरडा) ‘खेळणी’ लिहून कुरिअरने पाठवू का, असं विचारलंत. हात जोडते, नका पाठवू. मागच्या मे महिन्यात आमच्या बडोद्यातल्या रावपुऱ्यात असाच एक खोका आला. चिकटपट्टीने गच्च बंद, आत ओला नॅपकिन, आणि पिल्लू कडक झालेलं. एक पाय भोकाकडे ताणलेला. अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

या जिवांना अंगातलं तापमान स्वतः राखता येत नाही. खोका तापला की तेही तापतात. अमेरिकेचं टपाल खातं छोटे निरुपद्रवी सरडे घेतं, पण साप नि कासवं तिथेही नाहीत.

शिवाय हिरवा इग्वाना साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीमुळे त्याची नोंदणी परिवेश या पर्यावरण मंत्रालयाच्या पोर्टलवर लागते, मालक बदलला तर तेही कळवायचं.

कागद झाले की भाच्यालाच पुण्याला बोलवा. सुती पिशवी, बाहेर भोकं पाडलेला थर्माकोलचा खोका, आणि परतताना रात्रीचा प्रवास. खोका डिकीत नको, मांडीवर ठेवायला सांगा.