मदत हवी आहे: आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या फंक्शनला आकडेच मिळालेत हे कसं तपासता?

राम राम मंडळी. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या घडांची वजनं आमच्याकडे सीएसव्ही फाइलमध्ये येतात. सरासरी काढायला आरमध्ये छोटं फंक्शन लिहिलंय. वजन भरणारा कुणी '२२' लिहितो, कुणी '२२ किलो'. एका खान्यात जरी 'किलो' आलं की अख्खा कॉलम कॅरेक्टर, म्हणजे आकड्यांऐवजी मजकूर, होतो. सरासरी काढणारं मीन फंक्शन तरीही थांबत नाही. नुसती वॉर्निंग देऊन एनए, म्हणजे 'किंमत उपलब्ध नाही', परत करतं. लूपच्या शेवटी ती वॉर्निंग वाचतंय कोण!

म्हणून पहिल्याच ओळीत स्टॉपइफनॉट (अट खरी नसेल तर एरर देऊन थांबवणारं फंक्शन) घालून इज डॉट न्यूमेरिकने कॉलम आकड्यांचा आहे का ते तपासतो. आर ४.०.० पासून त्यात अटीला नाव देऊन एररचा मेसेज आपल्या शब्दांत दाखवता येतो, ते झकास. इंटिजर (पूर्णांक) आणि डबल (दशांश) दोन्ही पास होतात, फॅक्टर (ठरावीक गटांचा, म्हणजे लेव्हलचा, कॉलम) अडतो. (अडलेलाच बरा. त्याला थेट ॲज डॉट न्यूमेरिक लावलं तर वजनाऐवजी लेव्हलचे नंबर हाती येतात.)

घोडं अडलंय ते पुढे. ज्या बागेची कापणी व्हायचीय तिचा कॉलम पूर्ण रिकामा असतो, आणि नुसत्या एनएचा कॉलम आर लॉजिकल, म्हणजे ट्रू-फॉल्सचा, धरतो. माझी तपासणी त्यालाही हाकलते. तो मला चालवून घ्यायचाय, पण ट्रू-फॉल्सचा खराखुरा कॉलम नकोय.

मग प्रत्येक फंक्शनात 'न्यूमेरिक आहे किंवा सगळे एनए आहेत' अशी जोडअट लिहीत बसायचं, की चेकमेट या वेगळ्या टाकाव्या लागणाऱ्या पॅकेजमधलं असर्ट न्यूमेरिक हे तयार तपासणी-फंक्शन वापरायचं? ऑफिसच्या मशीनवर पॅकेज टाकायला परवानगी लागते, त्यामुळे बेस आरमध्येच (जास्तीच्या पॅकेजशिवाय) भागलं तर उत्तम. तुम्ही कसं करता?