पाच हजार मीटर खोल गाळात एवढ्या जाती कशा?

तळकोकण_०३:
मी सावंतवाडीला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. सेमिनारसाठी खोल समुद्रतळावरचे बारीक जीव घेतलेत, पण एक गोष्ट काही केल्या पटत नाही. तिथे उजेड नाही, वनस्पती नाहीत, पाणी १-२ अंश सेल्सिअस, वरून खायला येतं ते नावापुरतं. तरी जिथे बघावं तिथे लिहिलंय की जातींची विविधता प्रचंड आहे. आमच्या खाडीच्या चिखलात खाणं भरपूर, पण तिथे मोजक्याच जाती आणि एकेकीचे हजारो जीव. मग उपाशी जागी जाती जास्त कशा? आणि हे मोजतात कसं? कोणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर कृपया लिहा.

निळाई:
समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे असतात ना, तिथे गंधकाच्या संयुगांवर जगणारे जिवाणू असतात. बाकीचे जीव त्यांच्यावर जगत असावेत.

मांडवीकाठ:
निळाई, ते झरे खरे, पण ते तुरळक ठिकाणी. तळकोकण विचारतोय त्या सपाट गाळाच्या मैदानांचं पोट वरून पडणाऱ्या अन्नावरच चालतं: मेलेलं प्लवक, विष्ठा, कात, शेवाळाचे पुंजके. वरच्या थरात तयार झालेल्या अन्नापैकी अगदी थोडं, बहुधा शंभरातला एखादा भाग, तळापर्यंत पोचतं.

मी गोव्यात बरीच वर्षं गाळातले जीव वेचायचं काम केलं, मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यातले नमुनेसुद्धा हाताळले. म्हणून आधी मोजणीचं सांगते, त्यातच तुझं निम्मं उत्तर आहे.

जहाजावरून बॉक्स कोअर सोडतात, तो तळाचा चौकोनी तुकडा जसाच्या तसा कापून वर आणतो. त्यात बारीक नळ्या खुपसून एकेका सेंटीमीटरचे काप करायचे आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे. बहुतेक जीव वरच्या दोन-तीन सेंटीमीटरांतच असतात. प्रयोगशाळेत रोझ बेंगॉल नावाचा रंग घातला की जीवांचं मांस गुलाबी होतं आणि गाळ करडाच राहतो. मग ३२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हळूहळू पाणी सोडून धुवायचं. घाई केली तर कोपेपॉडचे, म्हणजे कोळंबीच्या गटातल्या बारीक जीवांचे, पाय तुटतात, आणि जात ओळखायची असते ती त्या पायांवरूनच.

चाळणीवर उरतं ते पेट्री डिशमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव सुईने उचलायचा. दहातले आठ-नऊ तरी नेमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी. गुलाबी केसाचा तुकडा वाटावा असा, लांबी मिलिमीटरच्या आत. त्याला ग्लिसरीनमध्ये बसवून शंभराच्या ऑइल लेन्सखाली आणलं की तोंड दिसतं. एकाला तोंडाची पोकळी जवळपास नाहीच, तो जिवाणू शोषतो. दुसऱ्याला रुंद पेला, तो मोठे कण गिळतो. तिसऱ्याला छोटा दात, तो काहीतरी खरवडतो. चौथ्याला सरळ जबडे, तो शेजारच्या नेमॅटोडलाच खातो. हे चौघे एकाच चमचाभर गाळातले! मला आजही ते तोंड बघताना आनंद होतो.

आता 'का' याकडे. आपल्याला सपाट दिसणारा तळ या जीवांना सपाट नसतो. एखाद्या किड्याचं बीळ, समुद्रकाकडीने टाकलेली विष्ठा, शेवाळाचा पडलेला पुंजका, अशी प्रत्येक जागा वेगळी आणि वेगळ्या वेळी तयार झालेली. खाडीत भरती-ओहोटी, पाऊस, गोडं पाणी सगळं ढवळून टाकतं. तिथे सोसणारे थोडे टिकतात आणि भरमसाट वाढतात. खाली ढवळणं कमी, गाळ साचतो तोही हजार वर्षांत काही मिलिमीटर, त्यामुळे असे लहान फरक दीर्घकाळ राहतात. शिवाय अन्न इतकं कमी की एकाच जातीला सगळी जागा बळकावता येत नाही. हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी १९६७ साली ही विविधता मांडली, तेव्हापासून कारणांवर वाद चालू आहे. मला जागोजागच्या फरकांचं कारण सर्वांत पटतं, कारण शेजारशेजारच्या दोन नळ्यांतले नमुनेही एकमेकांशी जुळत नसत.

सेमिनारमध्ये ग्रासल आणि मॅसिओलेक यांचं १९९२चं काम जरूर घे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे १५०० ते २५०० मीटरवर त्यांनी २३३ बॉक्स कोअर घेतले. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून २१ चौरस मीटर, म्हणजे घरातल्या एका मोठ्या खोलीएवढं. त्यात ७९८ जाती निघाल्या, निम्म्याहून जास्त विज्ञानाला नव्या. आणि हे ०.३ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकलेले, म्हणजे माझ्या नेमॅटोडपेक्षा मोठे जीव.

तळकोकण_०३:
ताई, खूप आभार. नोड्यूलच्या, म्हणजे तळावर पडलेल्या धातूयुक्त गोळ्यांच्या, खाणकामाने या जीवांचं काय होईल, हेही घ्यावं का?

मांडवीकाठ:
घ्यायलाच हवं. भारताला मध्य हिंदी महासागरात १९८७ साली नोड्यूलसाठी दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं होतं, आता ७५ हजार आहे. तिथेच १९९७ साली साधारण ५४०० मीटरवर, ३००० बाय २०० मीटरच्या पट्ट्यात मुद्दाम गाळ उसकटून आधीचे आणि नंतरचे नमुने घेतले गेले.

मला काळजी वाटते ती अशी. नोड्यूल गोळा करणारं यंत्र गाळाचा वरचा थर काढून नेतं, आणि जीव राहतात तो थर तोच. पेरूपलीकडच्या समुद्रात १९८९ साली नांगरलेले पट्टे २०१५ साली कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होते. प्रशांत महासागरात १९७८ साली यंत्र फिरलेल्या वाटेवर २६ वर्षांनीही नेमॅटोड आजूबाजूपेक्षा कमी होते, संख्येनेही आणि जातींनीही.

त्याच भागाबद्दल, क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्याबद्दल, २०२३ सालचा अंदाज आहे की तिथल्या साडेपाच हजारांवर प्राणिजातींपैकी ९० टक्क्यांच्या आसपास अजून बिननावाच्या आहेत. खाणीआधीच्या नोंदीत अशी जात 'नेमॅटोड, प्रजाती ४७' एवढीच राहते. ती गेली की नाही, हे नंतर ठरवणार कसं? एका गटाची ओळख पटवायला डोळा तयार व्हायला वर्षं लागतात. त्यात नमुन्यातले बरेच जीव पिल्लं. नेमॅटोडची जात पक्की करायला प्रौढ नर मिळाला तर बरं. यंत्रासाठी पैसे मिळतात, तसे सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या माणसांसाठीही मिळायला हवेत, हे माझं ठाम मत आहे. सेमिनारमध्ये हे बिनधास्त मांड.

डीएनएवरून जाती मोजण्याबद्दल कोणी विचारेल. सांग की उपयोग नक्की आहे, पण संदर्भसाठ्यात त्या जातीची नोंदच नसेल तर यंत्र नाव देऊ शकत नाही.

किनोरिंक (गाळातलाच एक काटेरी बारीक जीव) आणि नेमॅटोडच्या तोंडांची माझी जुनी रेखाटनं आहेत. शनिवारी स्कॅन करून इथे टाकते, वापर खुशाल.