नववीच्या पालकसभेत घरातल्या धाकाचा विषय कसा मांडावा?

प्रश्न – वर्गशिक्षिका, फोंडा

नमस्कार. नववीच्या पालकसभेत मला ४० मिनिटं मिळणार आहेत. विषय आहे घरातला धाक आणि १३ ते १६ वयाची मुलं. "मारू नका" म्हटलं की सगळे मान डोलावतात. चाचणीचे गुण हातात पडले की हात पुन्हा उठतो. शिस्त कुठे संपते आणि जाच कुठे सुरू होतो, त्याचा मुलाच्या स्वभावावर परिणाम कसा होतो आणि ओरडण्याऐवजी पालकांनी करायचं काय, हे नेमकं हवंय. "आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" हे तर हमखास विचारतील.

समुपदेशक, म्हापसा

ताई, नियमांचा पक्केपणा वेगळा आणि वागण्यातला जाच वेगळा, इथून सुरुवात करा. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या पद्धतींची विभागणी केली, तिचा गाभा हाच. नियम पक्के आणि मायाही भरपूर, अशा घरातली मुलं सहसा चांगली सावरतात. कडकपणा सोडायचा म्हणजे लाड करायचे, असा पालकांचा समज असतो. तो पहिल्या पाच मिनिटांत दूर झाला नाही तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

जाच म्हणजे नुसता मार नव्हे. तीन-तीन दिवसांचा अबोला, "तुझ्यामुळे माझा बीपी वाढला", चवथीला मूळ घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना सगळ्यांसमोर चुलतभावाच्या टक्क्यांशी तुलना, हाही जाचच. अमेरिकेत मिंग-ते वांग आणि सारा केनी यांनी हजाराच्या आसपास कुटुंबांचा अभ्यास केला. तेराव्या वर्षी ज्या मुलांना घरी आरडाओरडा आणि अपमान सोसावा लागला, त्यांच्यात पुढच्या वर्षभरात उदासी आणि वागण्याच्या तक्रारी वाढल्या. आई-वडील एरवी मायाळू असले तरीही. "ओरडतो, पण जीवही तेवढाच लावतो" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आवाज चढला की मेंदू धोका ओळखण्याच्या कामाला लागतो. विचार करून स्वतःला आवरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, भीतीत तो आणखीच मागे पडतो. म्हणून पाऊण तासाच्या झापण्यातला मुलाला नुसता सूर आठवतो. हे वर्षानुवर्षं चाललं की मूल प्रत्येक चेहऱ्यावर राग शोधायला लागतं. केनेथ डॉज यांच्या संशोधनात मार खाल्लेली मुलं साध्या प्रसंगातही समोरच्याचा वाईट हेतू गृहीत धरताना दिसली. दप्तराचा चुकून धक्का लागला तरी "मुद्दाम केलंस" म्हणत अंगावर जाणारा मुलगा कदाचित हाच. दुसरं मूल अगदी उलट असतं: कोणालाच नाही म्हणता येत नाही, चुकेल म्हणून वर्गात हात वर करत नाही. त्याचा कोणाला त्रास नसतो, म्हणून ते नजरेतून सुटतं. ताई, तुमच्या वर्गात आधी त्याला शोधा.

मुलांसोबत काम करणारा, मडगाव

वरच्याशी सहमत. एक भर घालतो. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी मांडलेलं, घरातल्या भांडणाचं चक्र फळ्यावर काढून दाखवा. आई म्हणते, अभ्यासाला बस. मुलगा कुरकुरतो. आई आवाज चढवते, तो दार आपटतो, आई थकून गप्प बसते. मुलगा शिकला: दार आपटलं की सुटका होते. दुसऱ्या दिवशी आई आणखी जोरात किंचाळते, तो घाबरून बसतो. आई शिकली: किंचाळलं की काम होतं. दोघांनाही आपापली पद्धत लागू पडल्याचा अनुभव येतो, म्हणून ती सुटत नाही आणि दर वेळी आवाज एक पट्टी वर जातो. इथे वाईट कोणीच नाही, हे कळलं की पालकांचा ताठरपणा कमी होतो.

आपल्याकडची एक खास गोष्टही बोला. वडील बोटीवर नोकरीला असलेल्या घरांत "बाबा येऊ देत, मग बघ" ही धमकी चालते. शिक्षा चार-सहा महिने टांगती राहते, आईचा शब्द हलका होतो आणि सुट्टीवर आलेला बाप मुलाला फौजदार वाटू लागतो. चुकीचा हिशेब त्याच दिवशी, जो घरी आहे त्यानेच मिटवावा.

वर्गशिक्षिका, फोंडा

आभार. आता गुणपत्रिकेच्या संध्याकाळी पालकांनी नेमकं काय म्हणावं, आणि "आमचं काय बिघडलं"चं उत्तर, एवढं मिळालं तर बरं.

समुपदेशक, म्हापसा

गुणपत्रिका पाहिल्यावर पहिली वीस मिनिटं काहीच बोलू नये. सही करावी, चहा घ्यावा. मग पेपर समोर ठेवून: "यातलं कुठलं येत होतं पण चुकलं, कुठलं वेळेअभावी राहिलं आणि कुठलं कळलंच नव्हतं?" पेन्सिलीने तीन खुणा. गणितात ३१ मिळाले म्हणून चार तास ओरडण्यापेक्षा या तीन खुणांतून पुढच्या आठवड्याचं काम निघतं.

नियम तीनच ठेवा, शांत वेळी, मुलाशी बोलून ठरवलेले. परिणाम छोटा, चुकीशी जोडलेला आणि दुसऱ्या दिवशी संपणारा असावा: साडेनऊला मोबाईल दिला नाही तर उद्या नऊलाच. "महिनाभर मोबाईल बंद" चौथ्या दिवशी मोडतो, कारण शिकवणीचा निरोप त्याच मोबाईलवर येतो. मग पुढची कुठलीही ताकीद पोकळच ठरते. आधी बजावून ठेवा की पहिले दोन-तीन आठवडे मूल जास्तच ताणून बघेल. जुना उपाय चालेनासा झाला की कोणीही तसंच करतं. इथेच पालक "मऊपणाने काही होत नाही" म्हणून परत काठीकडे वळतात.

ओरडून झालंच, तर त्याच दिवशी दोन वाक्यं: "मघाशी मी ओरडले, ते चुकलं. मोबाईल साडेनऊला ठेवायचा, हे मात्र तसंच आहे." "पण तूच तसं वागलास" हे जोडलं की माफी वाया गेली.

"आमचं काय बिघडलं" म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. विचारा: चौदाव्या वर्षी अडचणीत सापडलात तेव्हा घरी कोणाला सांगितलं होतं? तेव्हा पोराची भानगड वाड्यावर चार जणांना दिसायची, घरी आपोआप कळायची. आज ती मोबाईलमध्ये घडते. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि केर यांनी २००० मध्ये दाखवलं की मुलाबद्दल पालकांना जे माहीत असतं ते पाळतीतून कमी आणि मुलाने आपणहून सांगितल्यामुळे जास्त. धाकाने पहिलं बंद होतं ते हे सांगणं. आकडाच हवा असेल तर: गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास, म्हणजे दीड लाखाहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. चापट मारण्याचा फायदा सापडला नाही. आक्रमकपणा आणि मनाच्या तक्रारींशी संबंध मात्र सापडला.

मुलांसोबत काम करणारा, मडगाव

सभेनंतर एखादं मूल येऊन बोललं तर, म्हणून: दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं, मित्र तुटलेले, मे महिन्याच्या उकाड्यातही हातावरचे वळ किंवा जखमा झाकायला घातल्यासारखा पूर्ण बाह्यांचा शर्ट, यातलं काही दिसलं तर शाळेच्या समुपदेशकाकडे न्या. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी, मुलाला एकटं न सोडता. बांबोळीची मनोविकार संस्था आहे, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ आहे. घरी मार बसत असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८. डायरीत "पाल्य घरच्या तक्रारी करतो" असं लिहून घरी पाठवू नका. त्याची किंमत त्या मुलालाच संध्याकाळी मोजावी लागते. पालकांना बोलवायचं तर आधी त्याला विचारा: कोणाला बोलावू, आणि काय सांगू नको?