नाव माहीत असणं आणि आजार माहीत असणं

शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजारांबद्दल मुलांना शिकवायचा विषय निघाला, की 'हल्लीच्या मुलांना एड्सबद्दल सगळं ठाऊक असतं, वेगळं काय शिकवायचं?' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. एड्सचं नाव बहुतेकांच्या कानावर असतं, पण क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू) या तशाच पसरणाऱ्या इतर संसर्गांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटात बरे होऊ शकणारे लैंगिक संसर्ग जगभरात रोज १० लाखांहून अधिक वेळा होतात.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे 'आजार असता तर दिसला असता'. क्लॅमिडियात, विशेषतः मुलींमध्ये, बहुतेक वेळा काहीच लक्षण दिसत नाही. उपचार झाले नाहीत, तर संसर्ग गर्भाशय आणि बीजवाहिन्यांपर्यंत पोचून पुढे वंध्यत्व येऊ शकतं. आणि खरं तर तो साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो! मला याचंच फार वाईट वाटतं. अज्ञानापेक्षाही लाज जास्त नुकसान करते. 'असे आजार वाईट चालीच्या लोकांनाच होतात' हे मनात बसलेला मुलगा किंवा मुलगी जळजळ, फोड, स्राव असूनही घरी बोलणार नाही, डॉक्टरकडे तर नाहीच. जिवाणूंना चारित्र्य कळत नाही हो.

एचपीव्हीची लस मुलींना ९ ते १४ या वयात, म्हणजे शरीरसंबंध सुरू होण्याआधी, दिली तर सर्वाधिक उपयोगी पडते. त्यामुळे 'अजून लहान आहेत' म्हणत हा विषय पुढे ढकलू नका. कंडोमने धोका बराच कमी होतो, पण जननेंद्रियांवरची नागीण (हर्पिस) आणि एचपीव्ही त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात, हेसुद्धा मुलांना स्पष्ट सांगायला हवं.