लूम ऑपरेटरचं ट्रेनिंग: टेस्टला सगळे पास, टॉवेलमधले डिफेक्ट मात्र तसेच

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी, मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे ट्रेनिंगचा आराखडा बनवणारी, फ्रीलान्स काम करते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल युनिटसाठी नवीन लूम (माग) ऑपरेटरचं ट्रेनिंग बनवलंय, व्हिडिओ, स्लाइड्स आणि शेवटी मोबाइलवर टेस्ट. टेस्टला जवळपास सगळे पास व्हायलेत, फीडबॅक फॉर्मवर पण सगळ्यांचं "छान". पण माल चेकिंगला आला की तेच डिफेक्ट, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलाय आणि तसंच पुढं विणत नेलंय. मालक विचारतात की ट्रेनिंगचा उपयोग काय झाला, आणि माझ्याकडं दाखवायला फक्त मार्क. मूल्यमापन कसं करायचं मग?

विजापूरवेस:
ताई, डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडायला सुरुवात केली, त्या बघा. आवडलं का, शिकला का, कामावर तसं करतो का आणि धंद्याला फरक पडला का. तुमचं मोजमाप दुसऱ्या पायरीवर थांबलंय. धागा तुटल्यावर काय करावं असं विचारून चार पर्याय दिले तर उत्तर कुणीही ओळखतो. त्यापेक्षा चालू लूमवर एक धागा मुद्दाम तोडा आणि उभं राहून बघा. पडलेली ड्रॉप पिन (धागा तुटला की खाली पडणारी पत्ती) शोधतो का, गाठ बारीक मारतो का, हील्डच्या (धागे वर-खाली करणाऱ्या तारेच्या) डोळ्यातनं आणि फणीच्या त्याच घरातनं ओवतो का, आणि मुख्य म्हणजे लूम चालू केल्यावर थांबून पुढचं कापड बघतो का. ही तपासणी आधी लिहायची, ट्रेनिंग नंतर बनवायचं, मग निम्म्या स्लाइड्स आपोआप गळतात.

जॉबर_सोलापूर:
मी जॉबर, म्हणजे लूमची देखभाल बघणारा, लूमवरच असतो म्हणून सांगतो, पोरांना गाठ मारता येते की ओ. मजुरी पिकवर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर आहे, लूम थांबली की पैसे बुडतात, म्हणून तो धागा सोडून पुढं जातो. आणि बीमला (ताणा गुंडाळलेल्या रुळाला) सायझिंग, म्हणजे सुताची खळ, नीट नसलं तर ताणा सारखा तुटतो, एक माणूस चार-चार लूम सांभाळत असेल तर कुठं कुठं धावणार. तुम्ही कितीबी व्हिडिओ दाखवा, हे कसं बदलणार सांगा.

विजापूरवेस:
जॉबरदादा लाखातलं बोलले. ट्रेनिंगवर पुस्तकं लिहिणारे रॉबर्ट मेगर यांचा जुना प्रश्न हाच आहे, जीवावर बेतलं तर तो माणूस ते काम करू शकेल का? करू शकत असेल तर ट्रेनिंगची गरजच नाही, अडचण दुसरीकडं आहे. मालकाला हे सरळ सांगणं पण डिझायनरचंच काम, ते टाळू नका.

पूर्वभाग_मास्तर:
अजून दोन गोष्टी. टेस्ट ट्रेनिंग संपल्या संपल्या घेत असाल तर ते मार्क फसवे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे, पाच मिनिटांनी बघितलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढं, पण आठवड्यानं ज्यांनी मधे आठवून लिहिलं होतं तेच पुढं होते. म्हणून आठवड्यानं परत लूमवर बघा, आणि मधे रोज शिफ्टच्या सुरुवातीला एखादा प्रश्न तोंडी विचारा, तेवढं पुरतं. दुसरं, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी पोरं घरी तेलुगू बोलतात, शाळा पण अर्धवट सुटलेली. लेखी टेस्टमध्ये त्यांचं वाचन तपासलं जातं, विणकाम नाही. करून दाखवायला सांगा.

होटगीरोडकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आधी डिफेक्टचं रजिस्टर लूमप्रमाणं आणि बीमप्रमाणं वेगळं काढते, म्हणजे दोष सुताचा कुठं आणि माणसाचा कुठं ते कळेल. जॉबरदादा, लूमवरची तपासणी जॉबरनंच केली तर चालेल का?

जॉबर_सोलापूर:
स्वतःच्या शिफ्टच्या जॉबरला नका देऊ, त्याच्यावर पण प्रॉडक्शनचं प्रेशर असतं, तो सगळ्यांना पास करणार. दुसऱ्या शिफ्टचा बोलवा, आणि मालकाला सांगून तपासणीच्या वेळेची मजुरी आधी ठरवून घ्या, नाहीतर पोरं लूम थांबवायलाच तयार होणार नाहीत.